लहान अंदमान: लाटेवर न चढता

एखाद्या बेटाची कीर्ती कशामुळे होईल, याचा काही नेम नसतो. घारापुरीची कीर्ती लेण्यांनी झाली, जंजिऱ्याची तटबंदीने झाली. बंगालच्या उपसागरात, अंदमानच्या माळेच्या दक्षिण टोकाला असलेल्या ‘लहान अंदमान’ बेटाची कीर्ती मात्र लाटांनी झाली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी खेळाडूंची एक नौका या बेटाच्या किनाऱ्यालगत फिरून गेली. तेव्हापासून फळीवर उभे राहून लाटेच्या उतारावरून घसरत येण्याचा जो साहसी खेळ आहे, त्याच्या शौकिनांत या बेटाचे नाव झाले. आता आपल्याकडील तरुण-तरुणीही लांबलचक फळ्या बगलेत मारून तिकडे जाऊ लागल्या आहेत.

या खेळाला मराठीत रूढ असा शब्द नाही. अनुवादाच्या मेजावर बसणाऱ्याला अशा वेळी क्षणभर हात आखडावा लागतो. पण लगेच ध्यानात येते, की आपली भाषा समुद्राच्या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. आपल्या कोळी बांधवांनी अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ म्हटले आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला ‘भांग’ म्हटले. लाट ‘उठते’, ‘चढते’, ‘फुटते’ आणि ‘ओसरते’, हे त्यांनीच आपल्याला शिकवले. लाटेवर स्वार होण्याचा शब्द आपल्यापाशी नसेल, पण लाटेकडे पाहण्याचे शब्द मुबलक आहेत. हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी आहे.

कारण वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकजण फळीवर उभे राहणार नाहीत. कुणाचे वय झालेले असते, कुणाच्या कडेवर मूल असते, कुणाला पोहता येत नाही. घरात सफरीचा विषय निघाला आणि कुणी लहान अंदमानचे नाव घेतले, तर “तिथे जाऊन आपण करायचे काय?” हा प्रश्न हमखास निघेल. त्याचे उत्तर “पुष्कळ” असे आहे. मात्र ते पुष्कळ म्हणजे नेमके काय, आणि त्यासाठी आपल्याकडून काय दिले गेले पाहिजे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

कोलकात्याच्या धक्क्यावरून

अंदमानला विमानाने जाता येते. कोलकात्याहून दोन-सव्वादोन तासांत तुम्ही श्री विजयपुरमला उतरता. पोर्ट ब्लेअरचे हे नवे नाव केंद्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केले. ज्यांना वेळेची चणचण आहे त्यांनी विमानानेच जावे. पण ज्यांना तीन-चार दिवस हाताशी काढता येतील, त्यांनी जहाजाची चौकशी अवश्य करावी. अंदमान हे कोलकात्याचे एक दूरचे अंगण आहे, ही गोष्ट विमानातून कळत नाही.

या दोन ठिकाणांचा संबंध फार जुना आहे. १७८९ साली आर्चिबाल्ड ब्लेअर नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने कोलकात्याच्या कंपनी सरकारच्या आज्ञेवरून अंदमानात पहिली वसाहत केली. रोगराईमुळे ती १७९६ साली मोडावी लागली. पुढे १८५७ च्या उठावानंतर, १८५८ साली तेथे कैद्यांची वसाहत सुरू झाली. अलीपूर बॉम्ब खटल्यातील बारींद्रकुमार घोष व त्यांचे सहकारी १९०९ साली ‘महाराजा’ या जहाजातून कोलकात्याहून अंदमानला नेले गेले. दोनच वर्षांनी, १९११ साली, याच ‘महाराजा’ जहाजाने विनायक दामोदर सावरकरांना मद्रासहून तेथे पोहोचवले. मराठी घरांत अंदमान म्हटले की अजूनही प्रथम ‘काळे पाणी’ आणि ‘माझी जन्मठेप’ आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्या तुरुंगाच्या बेटाच्या दक्षिणेस, आणखी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, दुसरे एक बेट आहे, याची आपल्याला फारशी कल्पना नसते.

प्रवासाची तयारी म्हणून कोलकात्यात दोन दिवस राहिलात तर ते वाया जाणार नाहीत. चौरंगीवरील भारतीय संग्रहालय हे १८१४ साली स्थापन झालेले देशातील सर्वांत जुने संग्रहालय आहे. त्याच्या मानववंशविषयक दालनात थोडा वेळ काढा. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण या संस्थेचे मुख्य कार्यालयही याच शहरात असून अंदमानच्या आदिवासींसंबंधी तिने अनेक वर्षे काम केले आहे. नदीपलीकडे शिबपूरला १७८७ साली स्थापन झालेले वनस्पती उद्यान आहे. मुलांना तिथला तो प्रचंड वड दाखवा. एका झाडाचे रान होते, हे ज्याने पाहिले त्याला अंदमानच्या अरण्याची थोडीशी कल्पना आधीच येते.

जहाज सुटते खिदिरपूरच्या गोदीतून. ही गोदी १८९२ साली सुरू झाली. गोदीचे पाणी नदीच्या पाण्यापासून दरवाजांनी अडवलेले असते. भरतीची वेळ साधून हे दरवाजे उघडतात आणि जहाज हुगळीत उतरते. पुढे नदीमुखाबाहेरच्या खोल पाण्यापर्यंत सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक अंतर गाळातून, वाळूच्या दांड्यांमधून वाट काढत जायचे असते. हुगळीतील वाळू जागा बदलत असते, त्यामुळे नदीची नाडी जाणणारा वाटाड्या जहाजावर घ्यावाच लागतो. एका बाजूला जुन्या तागाच्या गिरण्या, विटांच्या भट्ट्या, मग केळीच्या बागा, डायमंड हार्बर, हल्दिया असे करीत नदी रुंदावत जाते. शेवटी डाव्या हाताला सागरद्वीपाची बारीक रेघ दिसते. मकरसंक्रांतीला जेथे लाखो यात्रेकरू गंगासागराच्या स्नानासाठी जमतात, तेच हे बेट. पाण्याजवळ जाण्यासाठी पोहता येणे आवश्यक नसते, हे ते यात्रेकरू कितीतरी शतके सांगत आले आहेत.

नंतरचा प्रवास पाण्याच्या रंगांनी मोजावा. मातकट पाणी हिरवट होते, हिरवट पाणी निळे होते, आणि दुसऱ्या दिवशी तो निळा रंग इतका गडद होतो की ‘काळे पाणी’ हे नाव डोळ्यांनाही पटते. कोलकात्यापासून श्री विजयपुरम सुमारे साडेबाराशे किलोमीटर. वाटेत उडत्या माशांचे थवे दिसतात. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी पहिल्या दिवशी हलके खावे आणि जहाजाच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत बसावे. तेथून पुढे ‘हट बे’ या लहान अंदमानच्या बंदराला दुसरे जहाज जाते, आणि त्याला साधारण सहा ते आठ तास लागतात. समुद्र खवळला की फेरी रद्द होते. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. वेळापत्रकापेक्षा वाऱ्याचा मान मोठा असतो, हा इथला पहिला धडा होय.

लाट कुठून येते

लहान अंदमान आकाराने सातशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्याचा अक्षांश केरळातील त्रिचूरचा, पण रेखांश फार पूर्वेचा. आपण साऱ्या देशात एकच घड्याळ पाळतो, त्यामुळे रत्नागिरीच्या मानाने येथे सूर्य सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. पाचाच्या ठोक्याला उजाडते. उशिरा उठणाऱ्याचा येथे निम्मा दिवस बुडतो.

हट बेच्या धक्क्यापासून उत्तरेकडे पूर्व किनाऱ्याने एक सडक जाते. चौदाएक किलोमीटरवर ‘बटलर बे’ नावाची वाळूची लांब चंद्रकोर लागते. मागे नारळी, पुढे समुद्र. फळीवाले तरुण येथेच दिसतात. तुम्ही नारळाच्या सावलीत चटई पसरा, आणि मुलांच्या हाती एक घड्याळ द्या.

खेळ सोपा आहे. एक लाट फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंत किती सेकंद गेले, ते मोजायचे. पाच, सहा, सात सेकंद भरले, तर ती लाट जवळच्याच वाऱ्याने उठवलेली आहे. ती घाईची, वेडीवाकडी असते. पण चौदा-सोळा सेकंद भरले, तर ती लाट दूरची पाहुणी आहे, असे समजा. विषुववृत्तापलीकडे, दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस-पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात सतत वादळे घोंघावत असतात. तेथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत येतात. वाटेत लहान लाटा विरून जातात, वेगवेगळ्या लांबीच्या लाटा आपापल्या चालीने पुढे-मागे होतात, आणि अखेर शिस्तीच्या पलटणीप्रमाणे ओळीने चालणाऱ्या लांब लाटा तेवढ्या उरतात. सोळा सेकंदांच्या लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी सुमारे पंचेचाळीस किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. म्हणजे दक्षिणेकडच्या त्या वादळापासून लहान अंदमानपर्यंत यायला त्याला पाच-सहा दिवस लागतात. तुम्ही कोलकात्याच्या धक्क्यावर सामान चढवत होता, तेव्हा ही लाट तिकडून निघून वाटेला लागली होती!

मुले विचारतील, की मग दक्षिण समुद्राचे पाणीच इथवर येते काय? नाही. पोटऱ्यात आलेल्या ज्वारीच्या शेतावरून वारा जातो तेव्हा लाट बांधापर्यंत पोहोचते, पण एकही ताट जागचे हलत नाही. समुद्राचेही तसेच. पाण्याचा थेंब जागच्या जागी फिरून आपल्या ठिकाणी परत येतो. पुढे जाते ते केवळ बळ. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की लाटेच्या पायाला तळ लागतो, तिचा पाय अडतो, माथा पुढे कलतो आणि ती फुटते. ती जिथे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे क्रमाक्रमाने फुटत जाते, तिथे फळीवाल्याला घसरायला उतार मिळतो. हे एकदा समजले, की काठावर बसलेल्या आजीबाईंनाही कोणती लाट त्या मुलाला साधेल आणि कोणती फसवेल, हे अर्ध्या तासात ओळखता येऊ लागते. खेळणाऱ्याचा आनंद एका लाटेचा असतो. पाहणाऱ्याला साऱ्या लाटा मिळतात.

नोव्हेंबर ते मार्च हे दिवस कुटुंबासाठी चांगले. मार्चच्या मध्यानंतर दक्षिणेकडील लांब लाटांचा जोर वाढतो. ते दिवस फळीवाल्यांना प्रिय, पण त्या वेळी लहान मुलांना पाण्यात सोडू नये. समुद्र शांत असतानाही दोन गोष्टी विसरू नयेत. लाटांनी आणलेले पाणी कुठेतरी परत जायलाच हवे. ते जिथून परत जाते, तिथे लाटा कमी फुटतात आणि अनोळखी माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. तेथे आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झटापट करू नये. किनाऱ्याला समांतर सरकून बाहेर पडावे. दुसरी गोष्ट म्हणजे ओढ्या-खाड्यांच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. सूचनेची पाटी तेथे शोभेसाठी लावलेली नसते.

शौर्यपदके आणि न मोजलेली माणसे

या बेटाच्या लाटांची कथा फळीवाल्यांच्या फार आधी सुरू होते. १८६७ साली ‘आसाम व्हॅली’ नावाच्या जहाजातील काही खलाशी येथे किनाऱ्यावर उतरले आणि परत आले नाहीत. त्यांच्या शोधासाठी सैन्याची एक तुकडी पाठवण्यात आली. ७ मे १८६७ रोजी ही तुकडी किनाऱ्यावर उतरली. पण फुटणाऱ्या लाटांनी तिची परतीची वाट बंद केली. तेव्हा डग्लस नावाचा लष्करी डॉक्टर आणि चार शिपाई एक लहानशी होडी घेऊन त्या लाटांत घुसले. पहिल्या खेपेस होडी पाण्याने अर्धी भरली आणि त्यांना मागे फिरावे लागले. मग त्यांनी पुन्हा होडी हाकली, आणि दोन खेपांत सतराजणांना जहाजावर आणले. या पाचही जणांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. शत्रूशी लढताना नव्हे, लाटांशी झुंजताना मिळालेले!

ते धाडस खरेच होते, आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या किनाऱ्यावर आणखीही माणसे होती. ओंगी नावाचे या बेटाचे मूळ रहिवासी तेथे होते. हजारो वर्षे ते याच लाटांच्या काठी राहत आले होते, आणि बंदुकीच्या गोळ्यांनी त्या मोहिमेत त्यांच्यातील अनेकजण पडले. सुटका झालेल्यांचा आकडा इतिहासाने नीट टिपून ठेवला. पडलेल्या ओंगींचे एकही नाव कुणी लिहून ठेवले नाही.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे, की बेटावर उतरणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे: आपण कोणाच्या अंगणात उभे आहोत? १९०१ च्या शिरगणतीत ओंगींची संख्या सुमारे पावणेसातशे धरली होती. १९५१ साली ती दीडशेवर आली होती. २०११ च्या जनगणनेत ती शंभराच्या आसपास होती. एका मोठ्या वाड्यात मावतील एवढी ही माणसे, आणि त्यांची स्वतंत्र भाषा! त्यांच्याकडे पक्वान्नासारखा जपलेला मध आहे आणि तो काढण्याची त्यांची स्वतःची विद्या आहे. एका रानझाडाची पाने चावून, त्यांचा रस अंगाला लावून आणि मधमाश्यांवर उडवून, ते धूर न करताही पोळ्याजवळ जातात.

१९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमाखाली त्यांचे क्षेत्र राखीव आहे. बेटाचा पश्चिम व दक्षिण भाग बहुतांशी त्यात मोडतो. परवान्यावाचून तेथे जाणे, त्यांची छायाचित्रे घेणे, त्यांना खाऊ-कपडे देणे हे सारे निषिद्ध आहे. या बंदीला केवळ कायद्याचा आधार नाही. आपला साधा पडसे-खोकला त्यांच्या लहानशा समाजाला भारी पडू शकतो. तंबाखू आणि दारू यांनी तर त्यांचे नुकसान पूर्वीच केले आहे. म्हणून, “ओंगी पाहायला मिळतात का?” हा प्रश्न कुणालाही विचारू नये. शेजाऱ्याच्या घराचे दार लोटलेले असेल तर आपण फटीतून पाहत नाही. तोच संस्कार येथे पुरेसा आहे.

बंगालची गावे

ज्यांच्याकडे पाहुणे म्हणून जाता येते, अशी माणसेही बेटावर पुष्कळ आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पूर्व बंगालमधून निर्वासित झालेली कुटुंबे येथे वसवली गेली. त्यांनी गावांना नावे दिली ती आपल्या मनातली: नेताजीनगर, रामकृष्णपूर, रवींद्रनगर, विवेकानंदपूर. जुन्या दप्तरातील कुणाच्या जमिनीचा सातबारा हरवला तरी मनातला गाव हरवत नाही, त्यातलाच हा प्रकार. कोलकात्याहून आलेल्या माणसाला येथे भाषा बदलावीच लागत नाही. सकाळी बाजारात जा. कोळिणीच्या टोपलीतले मासे पाहून मालवणचा माणूस नावे घेऊ लागेल आणि दुकानदार त्याला बंगाली नावे सांगेल. दुपारी मोहरीच्या वासाचा माशाचा झोल आणि भात. त्याला कोकमाची आठवण काढून नाके मुरडू नयेत! दक्षिणेकडे हार्मिंदर बे येथे निकोबारी लोकांची वस्ती आहे.

धक्क्यापासून सहा-सात किलोमीटरवर रानात ‘व्हाइट सर्फ’ नावाचा धबधबा आहे. नावात लाट असली तरी पाणी गोडे आहे. वाटेत तेलताडांची जुनी लागवड लागते. १९७० च्या दशकात अरण्य तोडून ती केली गेली. पुढे तिचा विस्तार थांबवला गेला. लाकूडतोडीचेही तसेच झाले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने येथली व्यापारी वृक्षतोड थांबली. एकाच सडकेवर एका बाजूला ओळीत उभे राहिलेले ताड आणि दुसऱ्या बाजूला आपल्या मर्जीने वाढलेले पडौक आणि गर्जन यांचे जुने रान असे दोन्ही दिसते. मुलांना काही सांगावे लागत नाही. फरक त्यांनाच कळतो.

समुद्र मागे हटला तेव्हा

२६ डिसेंबर २००४ या तारखेचा उल्लेख केल्यावाचून या बेटाविषयी लिहिता येत नाही. सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेल्या सुनामीने हट बेचा किनाऱ्यालगतचा बाजार, घरे, धक्का यांची धूळधाण केली. ही लाट आपण सेकंदांनी मोजतो तसली नव्हती. तिच्यात माथा कलून फुटणे नव्हते. सारा समुद्रच जमिनीवर चढून आला. त्या सकाळी डुगाँग क्रीक येथील ओंगींनी समुद्र विचित्रपणे मागे हटलेला पाहिला आणि ते मुलाबाळांसह उंचावर गेले. त्यांच्यापैकी सर्वजण वाचले. त्यांच्यापाशी यंत्रे नव्हती. पण पाणी मागे गेले की आपण वर जायचे, हे वाडवडिलांनी सांगितलेले त्यांना ठाऊक होते. पाहणे ही केवळ करमणूक नव्हे, ती जगण्याची विद्या आहे, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मिळणार नाही. घरी मुलांना एवढे एक वाक्य अवश्य पाठ करून घ्यावे: भूकंप जाणवला किंवा समुद्र एकाएकी दूर गेला, की शिंपले वेचायला धावायचे नाही, उंचावर धावायचे.

चार वर्षांनी, डिसेंबर २००८ मध्ये, त्याच लोकांवर दुसरा आघात झाला, आणि तो समुद्राचा नव्हता. किनाऱ्याला वाहून आलेल्या एका डब्यातील विषारी द्रव दारू समजून प्यायल्याने आठ ओंगी पुरुष दगावले. जेमतेम शंभर माणसांच्या समाजात आठ! समुद्रात टाकलेली वस्तू कुठेतरी जातेच आणि कुणाच्या तरी हाती लागते. जहाजाच्या कठड्यावरून रिकामी बाटली भिरकावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

लांबची पाहुणी

हिवाळ्याच्या रात्री बेटाच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यांवर चामडी पाठीची महाकाय समुद्रकासवे अंडी घालायला येतात. सुनामीने त्यांच्या वाळूच्या पट्ट्या धुऊन नेल्या होत्या. हळूहळू वाळू परत आली आणि कासवेही परत आली. २०११ पासून शास्त्रज्ञांनी काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारी यंत्रे बसवली. त्यांतील काही पूर्वेकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याच्या दिशेने गेल्या, तर काही पश्चिमेकडे आफ्रिकेपर्यंत. एखादी लेक माहेरी बाळंतपणाला यावी, तशा त्या सारा महासागर ओलांडून येथे येतात. त्या किनाऱ्यांवर आपण जायचे नाही. पण आपण ज्या समुद्राकडे पाहत बसलो आहोत, त्याच समुद्रातून त्या येत असतात, ही जाणीवच रात्रीच्या अंधाराला एक वेगळे वजन देते.

आता थोडे व्यवहाराचे. सोबत मच्छरदाणी आणि वाळूमाश्यांसाठी तेल असावे. नेहमीची औषधे पुरेशी घ्यावीत. रोख पैसे जवळ ठेवावेत. प्लास्टिकचा कचरा पिशवीत भरून आपल्याबरोबर परत आणावा. पोवळ्याचा तुकडा, तो मेलेला असला तरी, उचलू नये; पोवळे बाळगणे वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरते, आणि लाट मोडून किनारा राखणारी भिंत याच पोवळ्यांची बनलेली असते. फळीवाल्या तरुणांशी बोलावे. ते आनंदाने सांगतात. घरातील एखाद्या मुलीला तो खेळ शिकावासा वाटला, तर तिला अडवू नये. तिला पोहणे आधी शिकवावे, इतकेच.

सफरीहून परतताना सगळ्यांना काहीतरी घेऊन यायची हौस असते. लहान अंदमानहून उचलून आणण्यासारखे फारसे काही नाही, आणि ते तसेच राहावे. पण तेथे सेकंद मोजायला शिकलेले मूल पुढे कधी दापोलीच्या, अलिबागच्या किंवा दिघ्याच्या किनाऱ्यावर उभे राहील. तेव्हा ते आईचा हात ओढून विचारेल, “ही लाट किती दिवसांपूर्वी निघाली असेल ग?” ज्या घरात असा प्रश्न निघतो, त्या घराचा प्रवासखर्च वसूल झाला, असे आम्हांला वाटते.